बारा महिने चालणारे शहर

गोव्याची जाहिरात करणाऱ्यांच्या नजरेत फोंडा शहर फारसे कधी भरलेले नाही. येथे समुद्रकिनारा नाही, रेल्वे स्थानक नाही आणि पणजीच्या फोंताइन्यासारखी रंगीत घरांची गल्लीही नाही. पर्यटकांच्या बसगाड्या मंगेशी आणि म्हार्दोळची देवळे करून, एखाद्या मसाल्याच्या बागेत केळीच्या पानावर जेवून, ऊन कलायच्या आत किनाऱ्याकडे परततात. शहरात शिरण्याचे त्यांना कारणच पडत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र चित्र बदलू लागले आहे. फर्मागुडीहून शहराकडे उतरताना निवासी प्रकल्पांचे मोठमोठे फलक दिसतात. त्यांवर डोंगर, धुके आणि देवळाची दीपमाळ असते, आणि किनाऱ्यावरच्या गर्दीला कंटाळलेल्यांनी आता अंतर्भागात ‘दुसरे घर’ घ्यावे असे आवाहन असते. शहरातील व्यापारी आणि पालिकेतील मंडळीही अधूनमधून बोलून दाखवतात, की फोंड्याची नीट ओळख बाहेर पोहोचवायला हवी. मलाही तसेच वाटते. ज्या शहरात मी वाढलो, शिकलो आणि संसार केला, त्याचे गुण चार लोकांना कळावेत ही इच्छा मलाही आहे. परंतु हाक मारण्याआधी ती कोणाला मारतो आहोत आणि त्याला काय देऊ करतो आहोत, हे ठरलेले असावे. या दोन प्रश्नांची उत्तरे आपण कशी देतो त्यावर शहराचे पुढचे रूप अवलंबून आहे.

माझे म्हणणे असे, की फोंड्याने स्वतःला देखावा म्हणून विकू नये. जो येथे प्रत्यक्ष राहील, मुलांना येथल्या शाळेत घालील, येथे धंदा मांडील आणि भर आषाढातही ज्याच्या घरात दिवा लागेल, त्याच माणसाला या शहराने आवर्जून बोलवावे. घर विकत घेऊन वर्षातले पंधरा दिवस राहणारा आणि उरलेले महिने कुलूप लावून जाणारा माणूस वाईट असतो असे मुळीच नाही. पण त्याच्या येण्याने जमिनीचा भाव वाढतो, वाण्याची उधारी वाढत नाही. किनाऱ्यालगतच्या कितीतरी गावांत आज हे घडलेले दिसते. तेथे घरे पुष्कळ झाली, शेजार मात्र विरळ होत गेला, आणि त्याच गावच्या मुलांना लग्न झाल्यावर भाड्याची खोली शोधत दूर जावे लागले.

गोवा हे तसे पाहिले तर शहरी राज्य आहे. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या थोडी वर भरली आणि तिच्यातील ६२ टक्के माणसे नागरी भागात राहणारी निघाली. मात्र या नागरी गोव्यात महानगर एकही नाही. पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को आणि फोंडा अशी लहान-मध्यम आकाराची गावेच येथे शहराचे काम करतात. फोंडा नगरपालिकेच्या हद्दीत त्या वेळी जेमतेम २२ हजार माणसे होती. तालुक्यात मात्र १ लाख ६५ हजारांहून अधिक होती. या दोन आकड्यांमधील अंतरातच या शहराचा खरा धंदा सामावलेला आहे. डॉक्टर, वकील, शिंपी, सोनार, हार्डवेअरचे दुकान, ट्रॅक्टरचे सुटे भाग, शाळेचे गणवेश, लग्नाचा मंडप, देवकार्याचे सामान या सगळ्यासाठी खांडेपारपासून शिरोड्यापर्यंतची आणि सावई-वेऱ्यापासून मडकईपर्यंतची माणसे येथे येतात. धारबांदोड्याकडची येतात ती वेगळीच. कुर्टी, ढवळी, बांदोडा, कवळे ही गावे कागदोपत्री पंचायतींची असली तरी तेथे राहणारा माणूस स्वतःला बाहेर फोंडेकरच म्हणवून घेतो. तेव्हा शहराची ओळख सांगताना पालिकेच्या हद्दीतले शहर सांगून भागत नाही. हा सगळा भोवताल मिळून फोंडा होते.

हे शहर कोणत्या गोष्टीवर चालते ते पाहायचे असेल तर चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत बाजारात उभे राहावे. त्या दिवसांत माटोळीचा बाजार भरतो. डोंगरकपारीच्या वाड्यांवरून आलेल्या बाया आणि बाप्ये रस्त्याच्या दुतर्फा गोणपाट अंथरून बसलेले असतात, वर ताडपत्री ताणलेली असते, तिच्यावर साचलेले पाणी मधूनमधून काठीने ढकलून द्यावे लागते, आणि खाली सुपारीचे घड, नारळांची पेंड, तोरिंगे, आंबाडे, कांगले, घागऱ्या, कवंडळे असा रानचा ऐवज मांडलेला असतो. गणपतीच्या मस्तकावर बांधायच्या चौकटीला जे जे लागते ते रानातून तोडून आणणारा माणूस आणि ते पारखून घेणारा माणूस येथे समोरासमोर येतो. घड उचलून, फिरवून, एखादे फळ बोटाने दाबून पाहिल्याशिवाय कोणी पैसे काढत नाही. विकणारीही घाईत नसते. कोणते फळ कोठल्या रानातले, ते माटोळीत किती दिवस टिकेल, हे ती सांगत राहते. किनाऱ्यावरचे शॅक ज्या महिन्यांत उतरवून ठेवलेले असतात, नेमक्या त्याच महिन्यांत आमच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. श्रावणात देवळांतून भजने, मग चतुर्थी, मग नवरात्र, पुढे जत्रा, त्यानंतर लग्नसराई आणि मेमध्ये पावसाळ्याच्या बेगमीचे पुरुमेंत अशी वर्षाची साखळी येथे तुटत नाही. दुकान टाकणाऱ्याला याहून चांगली हमी कोणती देणार? ज्या गोव्यात ‘सीझन’ नावाचे चार-पाच महिने संपले की पुष्कळांचे उत्पन्न थांबते, त्या गोव्यात हे बारा महिने चालणारे शहर आहे, हीच त्याची पहिली ओळख व्हावी.

दुसरी ओळख इतिहासातून आलेली आहे. १६व्या शतकात जुवारीपलीकडच्या साष्टीत देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी आपले देव उचलले आणि नदी ओलांडून त्या वेळी पोर्तुगीज अमलाबाहेर असलेल्या अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा परिसरात, आणले. कुठ्ठाळीचा मंगेश मंगेशीला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ रामनाथीला आणि कोलव्याची महालक्ष्मी बांदोड्याला. बांदोड्याचा नागेश मात्र मूळचाच येथला. त्याच्या देवळातील १४१३ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. याच परिसरात १५६० ची साफा मशीदही उभी आहे. मार्गदर्शक पुस्तिकांतून ही हकीकत श्रद्धेची कथा म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. मला तिच्यात वसाहतीची कथाही दिसते. देव एकटे आले नाहीत. त्यांच्याबरोबर पुजारी आले, महाजन आले, सोनार, सुतार, फुलकार आणि वाजंत्री आले, देवळाच्या सेवेत बांधली गेलेली आणि त्या बांधिलकीचा जाच पिढ्यान्‌पिढ्या सोसलेली कलावंत घराणी आली. या सर्वांना जमीन लागली, पाणी लागले, काम लागले. ओढ्याकाठची कुळागरे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, पिकवणाऱ्या एका शेतकी मुलखाने इतक्या माणसांना जागा करून दिली आणि त्या जागा करून देण्यातूनच तो मुलूख मोठा झाला. पुढे छत्रपती शाहूंच्या आश्रयाने कवळ्याचे आजचे मंदिर १७३८ मध्ये उभे राहिले. १७६३ साली अंत्रुज पोर्तुगिजांकडे गेले तोवर येथली देवळे, येथली गावे आणि येथला बाजार यांची घडी इतकी पक्की बसली होती, की ती नंतर मोडली नाही. आपापला हुन्नर हाती घेऊन आलेल्यांना येथे ठाव मिळाला, हे फोंड्याच्या मातीतले सत्य आहे, आणि उद्योजकाला येथे बोलावताना ते सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे.

या शतकांच्या वारशाचे रूप आजही देवळाबाहेर बसून अबोलीच्या फाती विकणाऱ्या बायकांच्या हातांत दिसते. दोरा न वापरता केळीच्या सोपटाने फुले गुंफत जाणारी ती बोटे पाहताना हा एक पूर्ण व्यवसाय आहे याचे भान ठेवावे लागते: फुले लावणारे, तोडणारे, गुंफणारे, पहाटे बसने वाहून नेणारे आणि विकणारे, अशी त्याची उतरंड आहे. शहराच्या आर्थिक ताकदीचा हिशेब मांडताना हे लहान धंदे हिशेबातून निसटतात, कारण त्यांची नोंद कोणत्याही औद्योगिक वसाहतीत नसते.

औद्योगिक वसाहतींच्या बाबतीतही फोंडा मागे नाही, फक्त त्याची वाच्यता कमी होते. कुंडई, मडकई आणि बेतोडा या तीन वसाहती शहराला तीन बाजूंनी धरून आहेत. उसगावला एमआरएफचा टायरचा कारखाना १९७०च्या दशकापासून आहे, नेस्लेचा कारखाना १९९०च्या दशकात आला, आणि कुर्टीला गोवा डेअरीचा प्रकल्प आहे, ज्याच्या दुधाच्या पिशवीने राज्यातल्या कितीतरी घरांची सकाळ होते. पहाटे कदंबच्या बसस्थानकाजवळ पहिल्या पाळीची माणसे जमतात. हातात डब्याची पिशवी, गळ्यात ओळखपत्र, आणि बस यायला अवकाश असला तर पातळभाजी-पाव, एखादा बन आणि चहा. त्यांच्यात डिचोलीचे असतात, सांग्याचे असतात, कर्नाटकातून आणि सिंधुदुर्गातून येऊन येथे दोन खोल्यांत बिऱ्हाड केलेलेही असतात. मराठी आणि कोकणी तर येथे एका वाक्यात नांदतात. कन्नड आणि हिंदीही कोणाला परकी वाटत नाही. बेळगावहून अनमोड घाटाने उतरणारा माल गोव्याच्या अंतर्भागात शिरतो तो या वाटेने. पणजी सुमारे ३० किलोमीटरवर आणि मडगाव त्याहूनही जवळ, तेव्हा ज्याला राजधानीचे काम आहे, न्यायालयाचे आहे, रेल्वेचे आहे, त्याला घर न सोडता ते करता येते.

उद्योग एकाच प्रकारचा असला की काय होते, तेही फोंड्याने जवळून पाहिले आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणकाम थांबले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अटी घालून ते सुरू करण्यास वाट दिली, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यावर ते पुन्हा ठप्प झाले. खाणी आमच्या शहरात नव्हत्या. पण ट्रकांचे गॅरेज, टायरची आणि सुट्या भागांची दुकाने, कर्जे देणाऱ्या पतसंस्था, हप्त्यावर फ्रीज-टीव्ही विकणारे विक्रेते हे सगळे फोंड्यात होते. धारबांदोड्यात, उसगावात अंगणात उभे राहून गंजत गेलेले टिप्पर आणि येथल्या बाजारात संध्याकाळी लवकर ओढली जाणारी शटरे यांचा संबंध त्या वर्षांत कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. त्याच सुमारास, २०१९-२० पासून, धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचे गाळपही थांबले आणि ऊस लावणाऱ्यांचा हात आखडला. तरीही शहर बसले नाही, कारण त्याचे पाय अनेक होते. शेती, देवळे, कारखाने, शाळा, दवाखाने आणि बाजार यांनी एकमेकांना सावरून धरले. म्हणून कोणी एक मोठा प्रकल्प येऊन फोंड्याचे भाग्य उजळेल या आशेवर मी जाहिरात उभारणार नाही. पन्नास माणसांना काम देणारे वीस उद्योग या शहराला हजार माणसांच्या एका उद्योगापेक्षा अधिक मानवतील, असे माझे ठाम मत आहे.

आता त्या गोष्टीकडे येतो, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. फर्मागुडीच्या पठारावर, छत्रपतींच्या पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर, १९६७ साली स्थापन झालेले गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. २०१० मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था कुंकळ्ळीच्या कायमच्या जागेत जाण्यापूर्वी याच आवारात वाढली. २०१६ मध्ये गोव्याला मिळालेली आयआयटीही येथेच सुरू झाली. तिच्या स्वतःच्या जागेचा प्रश्न लोलयेपासून मेळावलीपर्यंत आणि पुढे सांग्यापर्यंत फिरत राहिला, आणि संस्था फर्मागुडीवर राहिली. वाणिज्य, विज्ञान आणि शिक्षणशास्त्राची महाविद्यालये याच परिसरात आहेत. म्हणजे देशभरातील निवडक बुद्धीची मुले स्वतःच्या पायांनी फोंड्यात येतात आणि आयुष्यातली चार वर्षे येथे काढतात. त्यांना येथे आणण्यासाठी आपल्याला एक पैसाही जाहिरातीवर खर्च करावा लागलेला नाही. चार वर्षांनी ती बंगळूरला, पुण्याला, हैदराबादला निघून जातात, आणि जाताना त्यांना फोंडा म्हणून काय माहीत असते? वसतिगृह, बसथांबा, एक-दोन खाणावळी आणि सुट्टीच्या दिवशी किनाऱ्याकडे जाणारा रस्ता. बेतोड्यात कोणते यंत्र बनते, कुंडईच्या कारखान्यांना कोणते सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात, कुळागरातली मिरी आणि जायफळ वाळवताना पावसाळी हवेचा त्रास कसा होतो, गोवा डेअरीला दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला चाऱ्याची कोणती अडचण आहे, यांतले काहीच त्यांच्या कानांवर पडलेले नसते. पठारावरचे शहर आणि खालचे शहर यांच्यामध्ये एक उतार आहे, दोन-तीन किलोमीटरचा. पण त्या वाटेने कामाची ये-जा व्हावी तितकी होत नाही.

यात दोष मुलांचा नाही. त्यांना कोणी बोलावले नाही. एखाद्या लघुउद्योजकाने आपल्या यंत्रातली अडचण अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे प्रकल्प म्हणून ठेवावी, एखाद्या दुकानदाराने आपला वरचा रिकामा मजला दोघा-तिघा पदवीधरांना वाजवी भाड्याने द्यावा, पतसंस्थेने त्यांना पहिल्या कर्जासाठी दारात उभे करून घ्यावे, अशी रीत येथे रुळलेली नाही. रुळायला हवी होती, कारण पिढीजात सावकारी आणि व्यापाराचा अनुभव असलेली घरे या शहरात आहेत, आणि माणूस पारखून उधार देण्याची विद्या त्यांना उत्तम येते. आपल्या स्वतःच्या मुलांबाबतही हेच घडते. अभियांत्रिकी झालेला मुलगा बाहेर गेला की आईवडिलांना अभिमान वाटतो आणि परत येतो म्हणाला की काळजी वाटते, ही वस्तुस्थिती आपण घराघरांत पाहतो. जे शहर आपल्या मुलाला ‘येथे राहून तुझे भले होईल’ असे मनापासून सांगू शकत नाही, त्याने तेच वाक्य परक्याला कोणत्या आधारावर सांगावे?

माझ्या परिचयातल्या एका तरुणाने मात्र हे धाडस केले. पुण्यातली नोकरी सोडून तो परत आला आणि कारखान्यांतील पॅकिंग यंत्रांची दुरुस्ती आणि त्यांचे लहान भाग तयार करण्याचे वर्कशॉप त्याने फोंड्याजवळ काढले. एकदा त्याच्याकडे गेलो तेव्हा तो लेथवर एक पितळी बुश घासत होता. तो काढून, मापून, तेलाचा हात पुसून त्याने माझ्या तळहातावर ठेवला. हा एवढासा भाग झिजला की पॅकिंगची सगळी ओळ थांबते, आणि पूर्वी तो मागवायला आठवडा जायचा, आता संध्याकाळपर्यंत मिळतो, असे तो म्हणाला. काम कसे चालले आहे असे विचारल्यावर त्याने दिलेले उत्तर मी विसरलेलो नाही. “काका, गिऱ्हाईक लगेच मिळाले. कागद मिळायला वेळ गेला.” जागेचा एक-चौदाचा उतारा, सनद, व्यवसायाचा परवाना, वाढीव वीजभार यांसाठी त्याने ज्या खेपा घातल्या, त्यांत एका कचेरीने दुसऱ्या कचेरीचा दाखला मागितला आणि दुसरीने पहिलीचा. त्याच्या जागी बाहेरून आलेला, येथे कोणाचीही ओळख नसलेला माणूस असता तर तो परत गेला असता.

म्हणून शहराचे गुण सांगणाऱ्याने उणिवाही त्याच आवाजात सांगाव्यात आणि त्या दूर करण्याची मुदत स्वतःला घालून घ्यावी. गोव्यात जमिनीची कागदपत्रे हा नाजूक विषय आहे. कोमुनिदादीची म्हणजे गावकीची सामाईक जमीन, देवस्थानची जमीन, कुळांचे हक्क, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांचे हक्क हे सगळे एकाच गावात एकमेकांत गुंतलेले असतात, आणि त्यांच्यामागे गरिबाला छप्पर राखून देणारे कायदे आहेत, ते तसेच राहिले पाहिजेत. पण कोणती जागा धंद्यासाठी निर्वेध आहे हे येणाऱ्याला एका ठिकाणी समजण्याची सोय करता येते. औद्योगिक वसाहतींतले बंद पडलेले गाळे नव्यांना लवकर देता येतात. एकेका भूखंडाचा झोन बदलत डोंगरउतार पोखरण्यापेक्षा आधी हे करावे.

पाण्याचेही तसेच. खांडेपार नदीवरील ओपाचा जलप्रकल्प फोंड्याबरोबर पणजीलाही पाणी पाजतो, याचा आम्हांला अभिमान आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा राजधानीसकट दोन तालुके ऐन पावसाळ्यात कित्येक दिवस पाण्यावाचून राहिले. सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात टँकरची वाट पाहावी लागली, ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात येणार नाही. परंतु येथे कारखाना काढणारा माणूस पहिला प्रश्न पाण्याचा विचारणार, आणि त्या वेळी आपल्याजवळ खरे उत्तर असले पाहिजे. पर्यायी वाहिनी कोठे आहे, साठा किती दिवसांचा आहे, उन्हाळ्यात नळाला पाणी किती वेळ येते, हे त्याला सांगता आले पाहिजे. पणजीच्या रस्त्याचे रुंदीकरण भोम गावच्या लोकांच्या घरांवर आणि देवळांवर येते म्हणून बरीच वर्षे अडून राहिले. ते लोक विकासाचे वैरी आहेत असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या मुलखाने विस्थापित देवांना जागा दिली, त्याने रस्त्यासाठी आपल्याच माणसांना उठवताना दहा वेळा विचार करायला हवा. त्यांना मान्य होईल असा मार्ग शोधण्यात चार वर्षे अधिक गेली तरी हरकत नाही. शहराच्या आत मात्र सबबीला जागा नाही. वरच्या बाजारात आणि बुधवार पेठेच्या आसपास पायी चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गाड्यांच्या रांगांतून अंग चोरून जावे लागते, आणि राहण्यासाठी शहर चांगले की वाईट हे ठरवायला माझ्या दृष्टीने तेवढी एक परीक्षा पुरेशी आहे.

राहण्याबद्दल बोलायचे तर संध्याकाळचे फोंडा सांगितल्याशिवाय ते पुरे होणार नाही. राजीव कलामंदिरात कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा सुरू असते तेव्हा दिवसभर दुकानात, बँकेत, शाळेत काम केलेली माणसे रात्री रंगभूमीवर उभी राहतात, आणि प्रेक्षागृहात बसलेला प्रेक्षक इतका जाणकार असतो, की प्रकाशयोजनेत झालेली चूक मध्यंतराच्या चहावर चर्चेला येते. गावोगावच्या जत्रांत देवळापुढच्या मांडवात आजही रात्रभर नाटके होतात. केरीच्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. त्याहून मोलाचे मला हे वाटते, की येथल्या सामान्य घरातल्या मुलीला आजही पेटी किंवा तबला शिकायला चालत जाण्याच्या अंतरावर गुरू मिळतो. मोठ्या शहरातून येथे नोकरीसाठी आलेले जोडपे एखाद्या वर्षाने ‘आता जावेसे वाटत नाही’ म्हणते, तेव्हा त्याचे कारण बहुधा असेच काहीतरी असते. त्यांच्या मुलाला वर्गात, भजनात किंवा मैदानावर कोणीतरी नावाने ओळखू लागलेले असते.

हे सगळे ज्याला सांगायचे तो श्रोता लांब नाही. येत्या पावसाळ्यात फर्मागुडीवर नवी तुकडी दाखल होईल. पालिकेने, व्यापाऱ्यांनी आणि पतसंस्थांनी मिळून त्या मुलांना एक दिवस खाली शहरात आणावे. बेतोड्याच्या आणि कुंडईच्या कारखानदारांनी त्यांना यंत्रे दाखवावीत, कुळागर राखणाऱ्यांनी मिरीचा वेल दाखवावा, ज्यांचे गाळे आणि वरचे मजले रिकामे आहेत त्यांनी भाड्याचा आकडा उघड सांगावा. त्याच वेळी पालिकेने, आसपासच्या पंचायतींनी आणि वीज-पाणी खात्यांनी एकत्र बसून, येथे लहान उद्योग काढायला कोणते कागद लागतात, ते कोणत्या टेबलावर मिळतात आणि किती दिवसांत मिळतील, याचा एक पानी तक्ता मराठीत, कोकणीत आणि इंग्रजीत तयार करून बसस्थानकावर आणि महाविद्यालयांच्या फलकांवर लावावा, आणि त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी.